पावभाजीनंतरची मध्यरात्र

प्रश्न : माझ्या १६ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. आठ महिन्यांपासून इन्सुलिन पंप (अंगात थोडं थोडं इन्सुलिन सोडणारं छोटं यंत्र) लावलाय. हॉटेलात पावभाजी खाल्ली की दोन तासांनी साखर १४०, पण मध्यरात्री २८०! पाव मोजूनच डोस देतो. चुकतं कुठे? – एक आई, सातारा

उत्तर : ताई, पाव मोजलात, लोणी राहिलं. स्निग्ध पदार्थांमुळे पोट सावकाश रिकामं होतं, म्हणून साखर तीन-चार तासांनी चढते. तोवर एकदम दिलेल्या डोसचा जोर ओसरलेला असतो. मी नऊ वर्षं पंप वापरते. पावभाजीला डोस विभागून घेते : थोडा आधी, उरलेला दोन-तीन तासांत हळूहळू. बहुतेक पंपांत ही सोय असते. मुलीचं प्रमाण मात्र डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या, माझं तिला चालेलच असं नाही.

मध्यरात्री २८० दिसलं की घाबरून डोसावर डोस देऊ नका. आधीचं किती इन्सुलिन अंगात शिल्लक आहे, ते पंपावर बघा.

आणि ताट समोर आल्याशिवाय डोस नको. एकदा मी ऑर्डर देतानाच डोस घेतला, थाळी आली चाळीस मिनिटांनी. साखर ५८, हात थरथरायला लागले. वेटरदादांनी पाण्यात तीन चमचे साखर ढवळून दिली, पंधरा मिनिटांनी मी पुन्हा तपासली. तेव्हापासून पर्समध्ये ग्लुकोज असतंच. तिच्याही दप्तरात ठेवा, पण मैत्रिणींबरोबर तिला जाऊ द्या.