'नेव्हर' पुढे आला, पण हा 'डिड' कुठून आला?

प्रश्न : मी नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. 'नो सूनर हॅड... दॅन' हा साचा मुलं परीक्षेत अचूक लिहितात. पण स्वतःचं वाक्य करायला सांगितलं की 'नेव्हर आय सॉ सच अ बिग ट्री' असं लिहून मोकळी होतात. इन्व्हर्जन, म्हणजे कर्ता-क्रियापदाची ही उलटापालट, शिकवावी तरी कशी?
— एक शिक्षिका

उत्तर : सुरुवातीला मीही फळ्यावर यादी लिहायचे : नेव्हर, सेल्डम, रेअरली, हार्डली, नो सूनर. मुलं ती उतरवून घ्यायची आणि आठवड्याभरात विसरायची. मग एका मुलीने विचारलं, "बाई, 'नेव्हर' पुढे आला हे कळलं, पण हा 'डिड' कुठून आला?" तिथून माझी शिकवण्याची पद्धतच बदलली.

तुमच्या मुलांचं घोडंही तिथेच अडलंय. मराठीत प्रश्न विचारताना आपण कर्ता-क्रियापद हलवत नाही. 'तू आलास'ला 'का' जोडला की झालं. नुसता सूर चढवला तरी भागतं. इंग्रजीत मात्र साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे जातं, आणि ते नसेल तर 'डू', 'डज', 'डिड' आणावं लागतं. हे मुलं पाचवी-सहावीपासून प्रश्नात करत आली आहेत. म्हणून यादी बाजूला ठेवा आणि प्रश्नापासून सुरुवात करा.

मी तीन मुलांना पुठ्ठे देऊन वर्गासमोर उभं करते : 'शी', 'रेअरली', 'स्पोक'. 'स्पोक'च्या पुठ्ठ्यामागे 'स्पीक' लिहिलेलं असतं. चौथा मुलगा 'डिड' घेऊन दाराशी थांबतो. आधी प्रश्न करायला सांगते. 'रेअरली' बाजूला होते, 'डिड' धावत येऊन 'शी'च्या आधी उभा राहतो, आणि भूतकाळ त्याने उचलला म्हणून 'स्पोक'वाली आपला पुठ्ठा उलटा करते. 'डिड शी स्पीक?' आता 'रेअरली'ला सगळ्यांच्या पुढे उभं करा : 'रेअरली डिड शी स्पीक.' बाकी कुणी हलायचं नाही. पुठ्ठा उलटण्याचा तो क्षण घाईत उरकू नका. 'डिड शी स्पोक' ही चूक तिथेच सुटते.

मग वहीत पडताळा घ्यायला शिकवा : पहिला शब्द बोटाने झाकायचा, उरलेलं प्रश्नासारखं वाचता आलं पाहिजे. 'नेव्हर' झाकलं की 'हॅव आय सीन', 'नो सूनर' झाकलं की 'हॅड वी रीच्ड'. तुमच्या मुलांच्या वाक्यात उरतं 'आय सॉ', म्हणजे गडबड आहे.

दहावीला एक जोडी जरूर द्या. 'इन नो टाइम वी फिनिश्ड' आणि 'ॲट नो टाइम वॉज ही अलोन'. दोन्हीकडे 'नो' आहे, पण पहिल्यात काम झालंय, तेही चुटकीसरशी. नकार त्या दोन-तीन शब्दांपुरताच आहे, म्हणून उलटापालट नाही. दुसऱ्यात नकार सबंध वाक्याला लागू होतो : तो एकदाही एकटा नव्हता. हे अर्थातून समजलं की यादीची गरज बरीच कमी होते.

'ओन्ली'ला वेगळा तास ठेवा. 'ओन्ली व्हेन शी लेफ्ट डिड आय अंडरस्टँड' यात बदल शेवटच्या, मुख्य वाक्यात होतो. मुलं हटकून 'व्हेन'चा, सुरुवातीचा भाग उलटवतात. आणि 'ओन्ली शी न्यू' यात 'ओन्ली' कर्त्यालाच चिकटलाय, तिथे काहीच हलवायचं नाही.

एक धोका सांगून ठेवते. हे जमायला लागलं की मुलं 'आय नो व्हेअर इज ही' असंही लिहू लागतात. तो प्रश्न नव्हे, वाक्याच्या पोटातला भाग आहे. तिथे सरळ 'ही इज'. आणि निबंधात अशी रचना एखाददुसरीच मागा. जोर देण्यासाठी आहे ती. ओळीओळीला आली तर जोर कशावरच राहत नाही.

प्रश्न : 'हिअर कम्स द बस' यात 'डज' का येत नाही?
— दहावीतला विद्यार्थी

उत्तर : कारण इथे नकारही नाही आणि प्रश्नाचा साचाही नाही. जागा किंवा दिशा सांगणारा शब्द पुढे आला की अख्खं क्रियापदच कर्त्याच्या आधी जाऊ शकतं : 'डाउन केम द रेन'. जुन्या इंग्रजीत क्रियापद बहुधा असंच दुसऱ्या जागी यायचं. जर्मनमध्ये आजही येतं. मात्र कर्ता सर्वनाम असेल तर तो जागा सोडत नाही. 'द बस'ऐवजी 'इट' घे आणि मोठ्याने म्हणून बघ : 'हिअर इट कम्स'.