मागचे पाय अचानक लुळे पडले

प्रश्न : डॉक्टर, आमचा बंड्या डॅशहंड जातीचा कुत्रा आहे, 5 वर्षांचा. परवा सकाळपर्यंत ठणठणीत होता, सोफ्यावरून उडी मारली, एकदा जोरात केकाटला आणि कोपऱ्यात जाऊन बसला. संध्याकाळी बघतो तर मागचा भाग झोकांड्या खातोय, पंजे उलटे पडतायत, उचलायला गेलं की ओरडतो. एक्स-रेमध्ये फ्रॅक्चर नाही म्हणाले. आईच्या गुडघ्याची पेनकिलर अर्धी देऊ का? मालिश चालेल? की दोन दिवस वाट बघू?

उत्तर : हे उत्तर छापून येईपर्यंत थांबण्यासारखं नव्हतं म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलंच आहे, पण असे प्रश्न नेहमी येतात म्हणून इथेही लिहितो. गोळी नको, मालिश तर अजिबात नको आणि वाट बघणं सगळ्यात नको. माणसांच्या पेनकिलरने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, किडनी खराब होते, आणि वर नंतर स्टेरॉइड द्यायची वेळ आली तर दोन्ही मिळून आणखी धोका.

तुमच्या वर्णनावरून मला दाट शंका मणक्याची गादी फुटल्याची आहे. डॅशहंड, पेकिनीज, बीगल, फ्रेंच बुलडॉग यांच्यात ही गादी अगदी लहान वयातच कडक व्हायला लागते, आणि साधारण 3 ते 7 वर्षांच्या दरम्यान फुटून आतला माल मज्जारज्जूवर दाबला जातो. म्हणजे उडी हे फक्त निमित्त, उगाच सोफ्याला शिव्या घालू नका. एक्स-रेत हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल म्हणजे सुटलो असं नाही, नक्की कळायला एमआरआय किंवा सीटी लागतो.

घरी एक बघता येतं. त्याला आधार देऊन उभं करा आणि मागचा पंजा हळूच उलटा ठेवा, चांगला कुत्रा लगेच सरळ करतो, बंड्या तसाच उभा राहिला तर नसेचा प्रश्न आहे. बोट चिमटल्यावर पाय मागे घेतला म्हणून खूश होणारे खूप लोक मी बघितलेत, पण तो नुसता रिफ्लेक्स असतो, मेंदूपर्यंत दुखणं पोचलं तर कुत्रा मान वळवून बघतो किंवा कण्हतो. हीच खरी परीक्षा, आणि ती डॉक्टरांनाच करू द्या. दुखणं कळत असताना ऑपरेशन झालं तर बहुतेक कुत्री पुन्हा चालतात, कळेनासं झालं की शक्यता साधारण निम्म्यावर येते, आणि त्यानंतर प्रत्येक तास महत्त्वाचा.

लघवीकडे लक्ष द्या. थेंब थेंब गळतेय म्हणजे होतेय असं वाटतं, पण बरेचदा ब्लॅडर तुडुंब भरून वरचं सांडत असतं, तसं असेल तर ती दाबून काढावी लागते आणि ते शिकून घ्यावं लागतं.

मोठ्या कुत्र्याचं वेगळं असू शकतं. पळता पळता एकदम कोसळला, क्षणभर ओरडला, नंतर दुखत नाही पण एका बाजूचा पाय जास्त लुळा, हे मज्जारज्जूचा रक्तपुरवठा अडल्याने होतं, त्याला सहसा ऑपरेशन लागत नाही, फिजिओने बरीच सुधारणा होते. म्हातारा जर्मन शेफर्ड महिनोन्‌महिने हळूहळू मागून ढेपाळतो, तोही प्रकार निराळाच.

बंड्याला नेताना छातीखाली एक हात, ढुंगणाखाली दुसरा, पाठ आडवी सरळ, किंवा सरळ फळीवर ठेवून न्या. ऑपरेशन न करता औषधांवर ठेवायचं ठरलं तर किमान 4 आठवडे पिंजऱ्यात, बाहेर फक्त शी-शूसाठी आणि तेही पोटाखाली टॉवेलचा झोळ घेऊन. आठव्या दिवशी तो बरा वाटेल, रडेल, उड्या मारायला बघेल, आणि घरातलं कुणीतरी विरघळून दार उघडेल, तुमच्याकडे बहुतेक आई, तेव्हा एवढं पान त्यांनाही वाचून दाखवा.