घरात शाळकरी मूल नसताना शाळेच्या लेव्हीला 'यस' का म्हणावं?

प्रश्न: सिएटलच्या पूर्वेकडच्या उपनगरात आम्ही घर घेतलं आहे. गेल्या वर्षी नागरिकत्व मिळालं. आता फेब्रुवारीत शाळेच्या लेव्हीवर, म्हणजे स्थानिक शाळांसाठीच्या जादा प्रॉपर्टी टॅक्सवर, मतदान आहे. आम्हाला मूलबाळ नाही, प्रॉपर्टी टॅक्स आधीच डोईजड आहे, आणि शेजारचे निवृत्त गृहस्थ 'नो' करा म्हणतात. शाळा चालवणं हे राज्य सरकारचं काम नाही का?

उत्तर:

'यस' करा. मी तटस्थ नाही, हे आधीच सांगते. माझी मुलं इथल्याच पब्लिक, म्हणजे सरकारी, स्कूलमधून शिकून बाहेर पडली, आणि अजूनही लेव्ही आली की मी दारोदार फिरणाऱ्यांत असते.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो अगदी रास्त आहे. सर्व मुलांच्या शिक्षणाची पुरेशी तरतूद करणं हे राज्याचं सर्वोच्च कर्तव्य आहे, असं वॉशिंग्टन राज्याच्या घटनेतच लिहिलेलं आहे. राज्य ते पाळत नाही म्हणून २००७ मध्ये काही पालक कोर्टात गेले. तो मॅक्लिअरी खटला म्हणून ओळखला जातो. २०१२ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. तरी विधिमंडळ हलेना, तेव्हा २०१४ मध्ये कोर्टाने राज्यावर अवमानाचा ठपका ठेवला आणि ऑगस्ट २०१५ पासून रोज एक लाख डॉलर दंड लावला. २०१७ मध्ये मोठा कायदा झाला, राज्याचा शाळांसाठीचा प्रॉपर्टी टॅक्स वाढला, आणि २०१८ मध्ये कोर्टाने प्रकरण मिटवलं. म्हणून तुमच्या बिलात शाळेचे पैसे दोन ठिकाणी दिसतात: एक राज्याचा हिस्सा, दुसरा तुमच्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेचा), मतदारांनी मंजूर केलेला.

मग दुसरा कशाला? राज्य पैसे देतं ते एका सूत्राने, आणि खरी शाळा त्या सूत्रात मावत नाही. नर्सचंच घ्या. चारशे मुलांच्या प्राथमिक शाळेला राज्य अनेक वर्षं एका पूर्ण नर्सच्या दहाव्या हिश्शाइतकेही पैसे देत नव्हतं. दमा असलेली, टाइप वन डायबेटिसची, शेंगदाण्याची जीवघेणी ॲलर्जी असलेली मुलं याच चारशेत असतात. २०२२ च्या कायद्याने नर्स, समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ यांचा वाटा टप्प्याटप्प्याने वाढवला, तरी प्रत्येक शाळेला पूर्ण वेळ नर्स मिळेल इतका नाही. विशेष शिक्षणाचं, म्हणजे अपंगत्व किंवा शिकण्यात अडचणी असलेल्या मुलांच्या शिक्षणाचंही, असंच होतं. डिस्ट्रिक्टमध्ये अशी मुलं कितीही असोत, २०२३ पर्यंत राज्य जास्तीत जास्त १३.५ टक्के मुलांपुरतेच पैसे देत होतं. उरलेल्यांना कायद्याने नाही म्हणता येत नाही, म्हणून डिस्ट्रिक्ट ते पैसे लेव्हीतून काढत. ती मर्यादा आधी वाढवली, मग काढून टाकली, पण खर्च आणि मिळणारे पैसे यांतली तूट भरलेली नाही. बँड, नाटक, खेळांचे प्रशिक्षक यांचाही मोठा भार लेव्हीवरच असतो.

बहुतेक वेळा बॅलटवर येते ती संपत आलेल्या लेव्हीच्या जागी येणारी लेव्ही. बॅलटसोबतच्या पुस्तिकेत तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, ते आधी बघा. तसं असेल तर 'नो' म्हणजे 'आणखी वाढवू नका' एवढंच नसतं. जुनी संपते, नवी येत नाही, आणि चालू खर्चाचा दहावा किंवा त्याहून मोठा हिस्सा एकदम थांबतो. शाळेचा खर्च म्हणजे मुख्यतः पगार. तेव्हा कपात होते ती माणसांत.

स्नोहोमिश काउंटीतल्या मेरीसव्हिलमध्ये हे घडलं आहे. २०२२ मध्ये तिथली लेव्ही फेब्रुवारीत पडली, त्याच वर्षी पुन्हा पडली. एका वर्षात दोनदाच मांडता येते, त्यामुळे वर्ष गेलं. २०२३ च्या फेब्रुवारीत ती मंजूर झाली, पण तोवर डिस्ट्रिक्ट आर्थिक संकटात सापडलं होतं आणि पुढे राज्याच्या देखरेखीखाली गेलं. ज्या मुलांची ती वर्षं तशी गेली, त्यांना कोणी मत विचारलं नव्हतं. मला सगळ्यात जास्त हेच खटकतं. 'नो'ची किंमत मोजणारे अठरा वर्षांच्या आतले असतात, त्यांच्या वतीने आपणच बोलायचं असतं.

आता पैशांचं. दर हजार डॉलर मूल्यांकनामागे इतके डॉलर असा दर सांगतात. दर एक डॉलर धरला तर दहा लाखांच्या घराला वर्षाला हजार डॉलर. रक्कम लहान नाही, आणि ती लहान आहे असं सांगत फिरणारे मला आवडत नाहीत. पण घराचं मूल्यांकन वाढलं की शाळेला आपोआप जास्त पैसे मिळतात ही समजूत इथे फार पसरली आहे, आणि ती चुकीची आहे. मतदार मंजूर करतात ती वर्षाची एकूण रक्कम. सगळ्यांची घरं महाग झाली तर तीच रक्कम जास्त मूल्यावर विभागली जाते आणि दर खाली येतो.

शेजारच्या गृहस्थांची अडचण मी हसण्यावारी नेणार नाही. ठरावीक पेन्शन आणि चढता कर हे खरं ओझं आहे. पण वय ६१ किंवा त्याहून जास्त आणि उत्पन्न काउंटीच्या मर्यादेत असेल, तर मतदारांनी मंजूर केलेल्या अशा जादा लेव्हीतून सूट मिळते. काउंटी असेसरच्या, म्हणजे घरांचं मूल्यांकन करणाऱ्या अधिकाऱ्याच्या, ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. अर्ज न करणारे कितीतरी लोक मला दारावर भेटतात. तुम्ही त्यांच्या सोबत बसून तो फॉर्म भरलात, तर ते 'नो' करोत की 'यस', त्यांचं भलं होईल.

चांगल्या शाळांमुळे घराची किंमत टिकते, असंही तुम्हाला कोणी सांगेल. ते बऱ्याच अंशी खरं आहे, पण मी ते कारण पुढे करत नाही, कारण या पद्धतीतला मोठा अन्याय त्याच्यातच आहे. टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो शहरात एजवुड नावाचं गरीब, मुख्यतः मेक्सिकन वंशाच्या लोकांचं डिस्ट्रिक्ट होतं. १९६७-६८ मध्ये तिथला कराचा दर शेजारच्या श्रीमंत अलामो हाइट्सपेक्षा जास्त होता. तरी स्थानिक करातून एजवुडला मुलामागे २६ डॉलर मिळत आणि अलामो हाइट्सला ३३३. तिथले पालक अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. शिक्षण हा संघराज्याच्या घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, असं बहुमताने ठरवलं. आपल्या राज्यात मालमत्ता कमी असलेल्या डिस्ट्रिक्टना थोडी भरपाई मिळते, पण स्वतःची लेव्ही मंजूर झाली तरच, आणि दरी त्याने बुजत नाही. म्हणून लेव्हीला 'यस' करा आणि आपल्या आमदारांना पत्रही लिहा, की राज्याने आपला वाटा पूर्ण उचलावा. मी दोन्ही करते. एक केलं की दुसरं करायची गरज नाही असं नाही, कारण यंदा तिसरीत असलेलं मूल विधिमंडळाची वाट बघत तिसरीत थांबत नाही.

मुंबईत घर असेल तर मालमत्ता कराच्या बिलात राज्य शिक्षण उपकर आणि महापालिकेचा शिक्षण उपकर तुम्ही पाहिले असतील. तिथे ते कोणी विचारून लावत नाही. इथे किती आणि किती वर्षांसाठी हे सांगून तुमची संमती मागतात, आणि मुदत संपली की पुन्हा तुमच्या दारी यावं लागतं. हा मान आहे, असं मला वाटतं. कायद्याने डिस्ट्रिक्टला स्वतः प्रचार करता येत नाही, फक्त माहिती देता येते. बाकी सगळं पालक, आजी-आजोबा, शेजारी आपल्या वेळात करतात. आणि आपले गणपती-दिवाळीचे कार्यक्रम अमेरिकेत किती ठिकाणी पब्लिक स्कूलच्या सभागृहांत होतात ते आठवा. मूल नसलं तरी शाळा आपल्याही वापरातली आहे.

चालू खर्चाच्या लेव्हीला निम्म्यापेक्षा एक मत जास्त पुरतं. २००७ पर्यंत ६० टक्के लागत. इमारतींसाठीच्या बाँडला (कर्जरोख्यांना) अजूनही लागतात. फेब्रुवारीत मतदान नोव्हेंबरच्या मानाने फार कमी होतं, त्यामुळे तुमच्या दोन मतांना वजन आहे. नाव नोंदवलं नसेल तर ऑनलाइन नोंदणी मतदानाच्या आठ दिवस आधीपर्यंत चालते, त्यानंतर ऑफिसात जाऊन करता येते. बॅलट घरी येईल, स्टँप लागत नाही. मतदानाच्या मंगळवारी रात्री आठच्या आत ड्रॉप बॉक्समध्ये टाका. पोस्टाने पाठवणार असाल तर त्या दिवसाचा शिक्का हवा, म्हणून दोन-तीन दिवस आधीच पाठवा. लिफाफ्यावर सही करायची राहू देऊ नका, आणि सही जुळत नसल्याचं पत्र काउंटीकडून आलं तर लगेच उत्तर द्या, नाहीतर ते मत मोजलं जात नाही.