वसाहतीत घर घेताना क्लबहाऊसआधी करारपत्र वाचा

नमस्कार काका. आपल्या बेळगावातलं शहापूरचं जुनं घर विकून खानापूर रोडच्या ज्येष्ठांच्या वसाहतीत ४० लाखांचा फ्लॅट घ्यावा, की मुलगा म्हणतोय तसं पुण्याकडच्या वसाहतीत जावं, असं तुम्ही विचारलंय. महिन्याचा सेवाखर्च १२,००० सांगितलाय, सोबत क्लबहाऊस, योगा हॉल, देऊळ. माझी अक्का आणि दाजी बरीच वर्षं अशाच एका वसाहतीत आहेत आणि त्यांचे कागद नि बिलं मीच बघतो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

तुमचा सगळा हिशेब ४० लाखांभोवती फिरतोय. माझ्या मते खरा प्रश्न त्या १२,००० चा आहे. करारात दरवर्षी ८ टक्के वाढ असेल, तर दहा वर्षांनी तुम्ही ७७ चे व्हाल तेव्हा ते जवळपास २६,००० होतील आणि ८२ व्या वर्षी ३८,०००. दुसऱ्या बाजूला तुमची मिळकत बघा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख ठेवले, तर ८.२ टक्के दर धरून तिमाहीला ६१,५०० म्हणजे महिना २०,५०० मिळतात आणि पाच वर्षं तेवढेच राहतात. वाढणारा खर्च आणि न वाढणारं व्याज यांची गाठ कधी पडते, ते कागदावर मांडा. काकूंचं वय धरून मांडा, कारण मागे त्या एकट्या राहिल्या तर निवृत्तिवेतन कमी होईल, सेवाखर्च होणार नाही. 'वाढ बाजारभावाप्रमाणे' असं मोघम लिहिलं असेल, तर तिथं आकडा घालून घ्या. त्याला ते तयार नसतील, तर पुढं जाऊच नका.

विकत घेतलं म्हणजे भाडं सुटलं, असंही नाही. ४० लाखांवर ७ टक्के धरले तरी महिन्याला २३,००० च्या वर व्याज सोडून देताय. शिवाय बांधकाम चालू असेल तर जीएसटी: कार्पेट (भिंतींच्या आतलं क्षेत्रफळ) ९० चौरस मीटरपर्यंत आणि किंमत ४५ लाखांपर्यंत असेल तर आपल्याकडे १ टक्का, नाहीतर ५. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. कर्नाटकात नोंदणी फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ वरून २ टक्के झालीय, म्हणजे ८०,००० तिथंच गेले. मुद्रांक शुल्क वेगळंच. रेरा क्रमांक (गृहप्रकल्पाची सरकारी नोंदणी) तपासा आणि करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम देऊ नका, कायदाच तसा आहे.

काही ठिकाणी विक्री नसते, मोठी ठेव घेऊन हयातभर राहायला देतात. पैसा कमी अडकतो, पण ठेवीतून दरवर्षी किती कापणार आणि उरलेली किती दिवसांत परत देणार, हे वाचा. तुमच्या बाबतीत आणखी एक अडचण आहे. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर करसवलत हवी असेल, तर एक वर्ष आधी किंवा दोन वर्षांत दुसरं घर विकत घ्यावं लागतं, नाहीतर तीन वर्षांत बांधावं लागतं. ठेव म्हणजे खरेदी नव्हे. शहापूरच्या जागेचा आजचा भाव बघता ही रक्कम छोटी नसेल, सीएला विचाराच.

आता सोयी. योगा हॉल पहिल्या वर्षी आवडतो. पुढं न्हाणीघर महत्त्वाचं होतं. अक्काकडे बेसिनजवळ बेलची दोरी होती. फरशी पुसायला आड येते म्हणून कामवालीनं ती वर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली. पडलेल्या माणसाचा हात तिथं पोचणार कसा? मी ती सोडवली आणि जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबू दिली. तुम्ही बघायला जाल तेव्हा नमुना फ्लॅट बघू नका, कुणी राहत असलेलं घर बघा. दार बाहेर उघडतं का, उंबरा आहे का, चाकाची खुर्ची आत वळते का. रात्री दोन वाजता बेल दाबली तर वर कोण येतं, नर्स की वॉचमन? आणि माणूस अंथरुणाला खिळला किंवा विसरायला लागला तर तिथंच ठेवतात की 'दुसरी सोय बघा' म्हणतात? हे लेखी घ्या. केंद्राच्या गृहनिर्माण मंत्रालयानं २०१९ मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली आहेत, ती सोबत घेऊन बसा.

खानापूर रोडचा फ्लॅट आषाढात बघा की. आपल्याकडची झड लागली की पंधरा-पंधरा दिवस ऊन नसतं. पेव्हर ब्लॉकवर शेवाळ चढतं आणि तो वॉकिंग ट्रॅक म्हाताऱ्या माणसाला पाय मोडायची जागा होतो. छप्पर असलेली फिरायची जागा आहे का, वीज गेल्यावर लिफ्ट जनरेटरवर चालते का, उन्हाळ्यात टँकरचे पैसे कोण देतं, हे विचारा. तिथून नेहरूनगरच्या केएलई हॉस्पिटलला अख्खं शहर ओलांडावं लागतं. संध्याकाळी सहाला एकदा गाडीनं जाऊन बघा.

पुण्याचं म्हणाल तर मुलगा जवळ, हे खरंच मोठं आहे. पण तो हिंजवडीत नि वसाहत तळेगावच्या पुढं असेल, तर महिन्यातून दोन रविवार धरा. इथं तुमची गल्ली, भजनी मंडळ, ओळखीचा डॉक्टर आहे. काकूंना कन्नड येत नाही असं लिहिलंय, तर नर्स आणि स्वयंपाकी मराठी समजणारे आहेत का बघा. दुखणं सांगायला माणसाला आपलीच भाषा लागते.

म्हणून माझं मत असं, की शहापूरचं घर लगेच विकू नका. ते भाड्यानं द्या किंवा कुलूप लावा, आणि दोन्हीपैकी जिथं मन जास्त ओढतं तिथं सहा महिने भाड्यानं राहा. बहुतेक वसाहतींत रिकामे फ्लॅट असतात. चार महिन्यांनी रोजच्या जेवणात भाकरी मिळते की नुसती मैद्याची चपाती, ते कळेल. पुण्याला महिनाभर गेलात तर जेवणाचे पैसे वजा होतात का, तेही कळेल.

करारपत्र कन्नडमध्ये आलं तर सही करण्याआधी वकिलाकडून ओळ न ओळ मराठीत समजून घ्या. दरवाढ, परतावा, पुनर्विक्री आणि वारस ही चार कलमं नावं झाकून इथं टाकलीत तर मीही वाचून सांगतो.