व्हीनसला शुक्र म्हणावे का?

पॉम्पेई या प्राचीन रोमन नगरातील भित्तिचित्रांविषयी मराठीत लिहिताना ‘मार्स आणि व्हीनस’ या रोमन देवतांच्या नावांजागी ‘मंगळ आणि शुक्र’ असे लिहावे का, कारण कोशांत तेच प्रतिशब्द मिळतात, असा प्रश्न आहे.

माझ्या मते तसे लिहू नये. कोशातील ती जोडी ग्रहांची आहे, देवतांची नव्हे. लॅटिनमध्ये ग्रहाला आणि देवतेला एकच नाव असल्यामुळे हा घोटाळा होतो. रोमन सप्ताहातील मार्सचा वार तो आपला मंगळवार आणि व्हीनसचा वार तो शुक्रवार हे खरे. परंतु त्या ग्रहांशी तिकडे आणि इकडे ज्या देवतांची नावे जोडली गेली, त्यांच्या कथा अगदी वेगळ्या आहेत. शुक्र म्हणजे असुरांचे गुरू शुक्राचार्य, तर व्हीनस ही प्रेमाची देवी आणि पॉम्पेई नगराची अधिष्ठात्री. तेथील एका घराच्या बागेतल्या, १९५२ मध्ये उत्खननात उजेडात आलेल्या भिंतीवर व्हीनस मोठ्या शिंपल्यात पहुडलेली दिसते. ‘शिंपल्यात पहुडलेला शुक्र’ असे लिहिले, तर शब्दाच्या लिंगाबरोबर चित्रही बदलते. आपण सुंदर स्त्रीला ‘शुक्राची चांदणी’ म्हणतो, त्यामुळे हा प्रतिशब्द कानाला गोड वाटतो. मात्र ते सौंदर्य आकाशातल्या चांदणीचे आहे, शुक्राचार्यांचे नव्हे.

मंगळाच्या बाबतीत अडचण अधिक आहे. पॉम्पेईतील मार्कुस लुक्रेतियुस फ्रोंतो याच्या घरातील चित्रात युद्धदेव मार्स व्हीनसचा प्रियकर म्हणून येतो, आणि मराठी वाचकाला मंगळ म्हटले की पत्रिकेतला, लग्नाच्या आड येणारा मंगळ आठवतो. ज्युपिटरला ‘गुरू’ म्हणणे तर सर्वांत फसवे, कारण बृहस्पती हे देवांचे आचार्य, तर ज्युपिटर हा वज्र धारण करणारा देवांचा राजा. त्या दृष्टीने तो इंद्राला अधिक जवळचा आहे.

एका ठिकाणी मात्र आपली ग्रहनामे योग्य ठरतात. नेपल्सच्या पुरातत्त्व संग्रहालयात पॉम्पेईहून आणलेले एक भित्तिचित्र आहे आणि त्यात सात वारांच्या देवता गोल चौकटींत ओळीने रंगवलेल्या आहेत. तेथे त्या ग्रहांच्या, म्हणून वारांच्या, देवता असल्यामुळे ‘मार्स, म्हणजे मंगळ ग्रहाची देवता’ असे एकदा स्पष्ट करावे आणि पुढे मूळ नावच वापरावे.