जाड भिंतींच्या घरात वायफाय: प्लॅन वाढवू नका, वायर ओढा

ताई, प्लॅन अजिबात वाढवू नका. पुण्यात शुक्रवार पेठेतला जुना वाडा, राउटर दिवाणखान्यात, मागच्या खोलीत ऑनलाइन मीटिंगमध्ये आवाज तुटतो आणि इंटरनेट कंपनीवाले म्हणतात १०० एमबीपीएसचा प्लॅन ३०० चा करा, हे तुमचं वाचलं आणि राहवलं नाही. आमच्या कसब्यातल्या घरी अगदी हेच झालंय.

राउटर बंद-चालू करणं वगैरे तुम्ही केलंच असेल, ते सोडते.

आमच्याकडे तक्रार केली की कंपनीचा मुलगा यायचा, दिवाणखान्यात राउटरला लॅपटॉप वायरने जोडायचा, स्पीड पूर्ण आला की त्याचा फोटो काढायचा आणि तक्रार बंद. अहो मागच्या खोलीत चला ना, तिथे बघा, म्हटलं की "आमची जबाबदारी राउटरपर्यंत". बरं, जबाबदारी तिथपर्यंतच असेल तर तसं स्पष्ट सांगा, पण नाही, दुसऱ्या दिवशी ऑफिसातून फोन, मॅडम मोठा प्लॅन घ्या, सगळ्या खोल्यांत येईल. वर्षाचे पैसे आगाऊ भरून घेतले. मागच्या खोलीत काडीचा फरक नाही. पैसे परत मागितले तर पॉलिसीत बसत नाही म्हणे. राग पैशांचा कमी आणि तक्रार 'सोडवली' म्हणून मेसेज यायचा त्याचा जास्त. दोन फूट दगड-मातीची भिंत मोठ्या प्लॅनने पातळ होते का? प्लॅनचा स्पीड राउटरच्या डब्यापर्यंत, पुढे सगळं भिंतीवर. तुम्ही निदान डॉकेट नंबर (तक्रारीचा क्रमांक) लिहून ठेवा, कंपन्यांना तक्रारीवर अपील ऐकणारी वरची अपीलेट ऑथॉरिटी ठेवावी लागते (दूरसंचार नियामक ट्रायचा २०१२ चा नियम), तिथे दाद मागता येते.

आता उपाय. मी या धंद्यातली नाही, घरात जे चाललं ते सांगते. वायफायचे मुख्य पट्टे दोन, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ चं अशा भिंतीतून जवळजवळ जातच नाही, २.४ चं जातं पण पेठेत शेजारीपाजारी सगळ्यांचं तेच आणि त्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेलं तीनच, १, ६ आणि ११. पावसाळ्यात भिंतीला ओल आली की अजून वाईट. आणि ते प्लगमध्ये खोचायचे रिपीटर, राउटरचं वायफाय पकडून पुढे पाठवणारे, माझ्या मते घेऊच नका. मागच्या खोलीत लावला तर त्यालाच रेंज मिळत नाही, आणि साध्या रिपीटरला घेणं-देणं एकाच रेडिओवर करावं लागतं त्यामुळे स्पीड निम्म्यावर येतो. फोनवर दांड्या मात्र पूर्ण दिसतात, म्हणून लोक फसतात. मेश (एकच नेटवर्क चालवणारे दोन-तीन डबे) चांगलं, पण अशा भिंतींत त्यालाही मागून वायर दिलीत तरच.

म्हणून मागच्या खोलीपर्यंत लॅनची वायर ओढा आणि तिथे दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून, म्हणजे वायरने आलेलं नेट त्या खोलीत वायफायने देणारा, लावा. घरात जुना पडला असेल तर तोही चालतो: त्याचं डीएचसीपी (फोन-लॅपटॉपना ॲड्रेस वाटणारं सेटिंग, ते काम मेन राउटरच करतो) बंद करायचं, त्याचा स्वतःचा आयपी ॲड्रेस मेन राउटरपेक्षा वेगळा द्यायचा, वायर लॅनच्या पोर्टमध्ये, नाव-पासवर्ड तेच, चॅनेल वेगळं. झालं.

वायर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळेल, पण शुद्ध तांब्याचीच मागा, कॅट ६ प्रकारची. स्वस्तातली बऱ्याचदा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते, वळवताना तुटते. वायरच्या टोकाला प्लास्टिकची क्लिप (जी पोर्टमध्ये बसते ती) बसवणाऱ्याला आतल्या आठही तारा जोडायला सांगा, बरेच जण चारच जोडतात आणि मग १०० च्या वर स्पीड जात नाही. विजेच्या वायरच्या पाइपातून मात्र नेऊ नका.

भिंतीला हॅमर ड्रिल लावू देऊ नका हो. आतली माती सुटते, बाहेरून भोक एवढंसं आणि आत ढासळतं. सुताराला बोलवा आणि दाराच्या लाकडी चौकटीच्या कोपऱ्यातून ८ मिलिमीटरचं भोक पाडून घ्या. आधी वायर ओवायची, क्लिप नंतर मारायची, कारण क्लिप लावलेलं टोक त्यातून जाणार नाही. भाड्याचं घर असेल तर मालकांना आधी विचारा. आणि चौकट कुजलेली असेल तर हे करू नका, कोनाडा बघा, तिथे भिंत निम्मीच असते.

जुन्या लँडलाइनची वायर मागच्या खोलीत गेलेली आहे का तेही बघा. असेल तर तिचंच भोक वापरता येईल, सुतारही नको. बघून कळवा, राउटरचं मॉडेलही लिहा, सेटिंग कुठे असतं ते सांगते.