परमनंट नाईट मागू नकोस गे, निदान पहिलं वर्ष तरी

निपाणीच्या एका मुलीनं विचारलंय, थोडक्यात असं: जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालंय, बेळगावात एका प्रायव्हेट हॉस्पिटलात चार वर्षं काढलीत, सीबीटी (इंग्लंडात नर्स व्हायची कम्प्युटरवरची परीक्षा) पास, इंटरव्ह्यू पुढच्या महिन्यात, इंग्लंडला यायचं नक्की. डे आणि नाईटवाल्या स्टाफच्या रोजच्या भांडणाला कंटाळलेय, तिथं तरी हे नसतंय ना अक्का? आणि पोरगी तीन वर्षांची आहे, तर परमनंट नाईटच मागून घेतली तर पैसे पण जास्त आणि दिवसभर पोरीजवळ पण राहता येईल, बरोबर काय?

दोन्हीचं उत्तर नाही. पण का नाही ते सांगते, मोठं होणार आहे.

मी खानापूर तालुक्यातली, बेळगावात पाच वर्षं नोकरी करून इकडं आले, आता सहावं वर्ष चाललंय, मेडिकल वॉर्डात, डे पण केलंय आणि दोन वर्षं नुसती नाईट पण केलीय, म्हणून बोलतेय.

तिकडचं तुला वेगळं सांगायला नको. बावीस पेशंट, मी आणि एक मावशी. पहाटे पाचला बैलहोंगलकडच्या एका आजोबांना धाप लागली, ऑक्सिजन, आरएमओला, म्हणजे ड्युटीच्या डॉक्टरला उठवा, नेब्युलायझर, आयसीयूला हलवा, ह्यात सात वाजले. आठला मॉर्निंगवाल्या आल्या, ओव्हर द्यायला, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या पाळीला सांगायला, उभी राहिले तर इनचार्ज सिस्टरनी पहिल्यांदा काय बघितलं असेल? ट्रॉलीवरचा स्पिरिट स्वॅबचा डबा. रिकामा होता. नातेवाइकांच्या समोर, "रात्रभर झोपला होता काय?" ओव्हर इंग्लिशमध्ये लिहायचं, ओरडून घ्यायचं कन्नडमध्ये आणि बाथरूममध्ये जाऊन रडायचं मराठीत, असं आमचं चालायचं. आजोबा वाचले हे कुणी विचारलंच नाही.

तर मला पण तुझ्यासारखंच वाटायचं की फॉरेनला सिस्टीम असते, तिथं कोण असं करत नसणार.

पहिली गोष्ट समजून घे, इथं मॉर्निंग-इव्हिनिंग-नाईट असं तीन पाळ्यांचं नाही. बहुतेक वॉर्डात दोनच, लाँग डे आणि नाईट. आमच्यात डे सकाळी साडेसात ते रात्री आठ, नाईट संध्याकाळी साडेसात ते सकाळी आठ. साडेबारा तास, त्यातला एक तास ब्रेक, त्याचे पैसे नाहीत. आठवड्याचे साडेसदतीस तास भरायचे म्हणजे चार आठवड्यांत तेरा शिफ्ट पडतात. ऐकायला मस्त वाटतंय, सुट्ट्या किती! पण आपल्याकडं तीन पाळ्या असल्यामुळं राग पण तिघींत वाटला जातो, इव्हिनिंगवाली मधे असते, तिच्यावर पण ढकलता येतं. इथं मधे कोणच नाही. दोन टोळ्या दिवसातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासासाठी भेटतात, त्यातली एक मरायला टेकलेली आणि दुसरीची अजून कॉफी उतरलेली नाही. जे काय व्हायचं ते त्या अर्ध्या तासात होतंय.

आणि इथं कोण ओरडत नाही, तेच अवघड आहे. पिन, म्हणजे इथला नर्सचा रजिस्ट्रेशन नंबर, येऊन तीन महिने झाले असतील. नाईट, माझ्याकडं अकरा पेशंट. चार नंबर बेडच्या बाईंचा कॅन्युला (शिरेत घातलेली नळी) पहाटे पाचला खराब झाला, हात सुजला, सहाचं आयव्ही अँटिबायोटिक द्यायचं होतं. मी दोनदा प्रयत्न केला, शीर मिळेना, डॉक्टरला ब्लीप केलं, म्हणजे पेजरवर बोलावलं, रात्री एक ज्युनियर डॉक्टर कितीतरी वॉर्ड बघत असतो, तो दुसरीकडं क्रॅश कॉलला, म्हणजे कुणाचं तरी हृदय बंद पडलं म्हणून पळालेला. त्यात आमचे एक आजोबा, डिमेन्शियाचे, रात्रभर "बस कधी येणार" म्हणून दरवाज्याकडं पळत होते, पडू नयेत म्हणून हेल्थकेअर असिस्टंट त्यांच्याजवळच बसून. सकाळी हँडओव्हरला मी सांगितलं अँटिबायोटिक राहिलंय. डेवाली गोड हसली, "नो वरीज, लव्ह" म्हणाली. मी म्हटलं किती चांगली माणसं आहेत ही! घरी जाऊन झोपले. चार दिवसांनी मॅनेजरनी बोलावलं, माझ्यावर डेटिक्स पडलेला. डेटिक्स म्हणजे इन्सिडेंट रिपोर्टची कम्प्युटर सिस्टीम, कागदावर हेतू असा की चूक कुणाची ते न बघता पुढं तसं होऊ नये म्हणून लिहायचं, पण वॉर्डात बायका "मी तुला डेटिक्स करीन" असंच बोलतात. मॅनेजरनी एकच विचारलं, डॉक्टरला किती वाजता ब्लीप केलंस? केलं होतं, पाच दहाला आणि पाच पन्नासला, पण नोट्समध्ये लिहिलं नव्हतं. नोकरीला काय झालं नाही, तरी महिनाभर हँडओव्हरला माझा आवाज फुटायचा नाही.

तेव्हापासून वेळ लिहिल्याशिवाय मी पुढं जात नाही आणि हँडओव्हरला जे राहिलंय ते पहिल्यांदा सांगते, शेवटी नाही. शेवटी सांगितलं की लपवलं असं वाटतंय. साडेसहाला एकदा सगळ्या बेडवरनं चक्कर: सलाईन संपत आलंय काय, कॅन्युला बरा आहे काय, युरिन बॅग रिकामी केली काय, फ्लुइड चार्टची बेरीज झाली काय. ह्या चार गोष्टींवरून निम्मी भांडणं होतात, मोठ्या गोष्टींवरून नाही.

आता दुसरी बाजू. मी डेला गेल्यावर कळलं की नाईटवाल्या ज्याला "दिवसा सगळी असतात की" म्हणतात ती सगळी म्हणजे काय. राउंड, फिजिओ, फार्मसिस्ट, सोशल वर्कर, नातेवाइकांचे फोन, डिस्चार्ज, डिस्चार्जच्या गोळ्या फार्मसीतून येईनात म्हणून पेशंट कोट घालून खुर्चीत बसलेला, अँब्युलन्स येऊन परत गेली, आणि ह्या सगळ्यात बेड मॅनेजर दर तासाला, बेड झाला काय, बेड झाला काय. संध्याकाळी सातला कॅज्युअल्टीतून नवीन ॲडमिशन आली. अर्ध्या तासात काय करणार, ऑब्झर्वेशन घेतले, न्यूज स्कोर (पेशंट किती सिरियस ते सांगणारा आकडा) टाकला, बाकीचं ॲडमिशनचं सगळं लिहिणं नाईटवर सोडलं. साडेसातला नाईटवाली आली, फाइल उघडली आणि असा एक सुस्कारा टाकला की काय सांगू. तो सुस्कारा माझाच होता गे, सहा महिन्यांपूर्वीचा! मी पण असाच टाकायची.

माणसांची संख्या पण बघ. 2014 मध्ये नाइस म्हणून जी संस्था इथं मार्गदर्शक सूचना काढते तिनं सांगितलं की दिवसा एका नर्सकडं आठच्या वर पेशंट गेले तर धोका वाढतोय. पण ते दिवसाचं झालं. रात्री पेशंट झोपतात असं धरून स्टाफ कमी लावतात, आणि वॉर्डातला म्हातारा माणूस रात्री झोपतोय हे कुणी सांगितलं ह्यांना कोण जाणे.

आता पैशाचं, कारण तुझा निम्मा प्रश्न तोच आहे. एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बँड 5 ला (नर्सची पगाराची पहिली पायरी) रात्री आठ ते सकाळी सहा, आणि शनिवारी कधीही, 30 टक्के जास्त. शिफ्टचा अर्ध्याहून जास्त भाग त्या वेळेत आला की पूर्ण शिफ्टला लागू. पण रविवारी आणि सरकारी सुट्टीला 60 टक्के, दिवस असो की रात्र. म्हणजे मंगळवारच्या नाईटपेक्षा रविवारच्या लाँग डेला जास्त मिळतंय. हे मला दीड वर्षानं कळलं, पेस्लिप नीट बघायची सवय नव्हती. आणि पिन येईपर्यंत तू खालच्या बँडवर असणार, ओएससीई, म्हणजे इथली प्रॅक्टिकल परीक्षा, पास होऊन पिन आला की मग बँड 5.

पोरीचं जे म्हणतेस ते मी मन दुखवायला नाही सांगत, पण "रात्री काम, दिवसा पोरीजवळ" ह्यात झोप कुठं लिहिलीस? तिकडं तू नाईट करून आलीस की सासूबाई पोरीला घेऊन शेजारी जात असतील, तू एकपर्यंत झोपत असशील. इथं कोण आहे? नवऱ्याला काम लागलं की तो सकाळी निघाला, तू आठ वाजता सुटून साडेआठला घरात, आणि तीन वर्षांचं पोर नुकतंच उठून बसलेलं. नर्सरीला फुकट मिळणाऱ्या तासांच्या वर घालायचं तर पैसे द्यायचे, मग नाईटचे जास्तीचे पैसे तिकडंच गेले. चौथा वाढदिवस झाला की पुढच्या सप्टेंबरला शाळा सुरू होते, तेव्हा ह्याचा विचार कर. हिवाळ्यात आणखी गंमत, डिसेंबरात आठला सुटलं तरी बाहेर पुरतं उजाडलेलं नसतंय आणि चारला उठावं तर सूर्य मावळलेला, मी एकदा आठवडाभर ऊन बघितलं नव्हतं. जूनमध्ये उलट, पहाटे पाचच्या आत लख्ख उजेड, जाड काळे पडदे घेतल्याशिवाय झोप नाही.

पण माझं खरं कारण वेगळंच आहे. नवीन माणसाला काम दिवसा शिकायला मिळतंय. राउंडला कन्सल्टंट काय विचारतो, डिस्चार्ज कसा लावायचा, फोनवर नातेवाइकाशी कसं बोलायचं, ट्रेनिंगला नाव कोण घालतंय, हे सगळं दिवसा. मॅनेजर नऊ ते पाच असते, तिनं तुला काम करताना बघितलंच नाही तर तिच्याकडं तुझी फक्त एकच माहिती पोचणार, डेवालीनं सकाळी सांगितलेली तक्रार. मी पहिल्याच वर्षी नाईट धरून बसले, इंग्लिश बोलायची लाज वाटायची, रात्री बोलावं लागत नाही म्हणून. खरं सांगायचं तर लपूनच बसले होते. बँड 6 च्या, वरच्या पायरीच्या इंटरव्ह्यूला "डिस्चार्ज प्लॅनिंगचा अनुभव सांगा" म्हटल्यावर तोंड उघडेना.

अजून एक गोष्ट, कोण उघड बोलत नाही ती. आमच्या वॉर्डात नाईटला मल्याळी, फिलिपिनो, नायजेरियन जास्त, डेला गोऱ्या जास्त. कुणी ठरवून केलेलं नाही, आमच्यावाल्या पैशासाठी आणि पोरांसाठी नाईट मागतात. पण मग डे-नाईटच्या भांडणाला हळूच वेगळा रंग चढतो, "नाईट स्टाफ" म्हटलं की कुणाबद्दल बोलतायत ते सगळ्यांना कळतंय. नाईटच्या मल्याळी पोरी फार जीव लावतात, पहिल्या हिवाळ्यात मला डबा त्यांनीच दिला. त्यांची भाषा कळत नव्हती तरी त्यांच्यातच बसायची मी, आणि डेवाल्यांना मी पण केरळचीच. बेळगाव म्हटलं की ते कुठं, महाराष्ट्रात का, कर्नाटकात का? आता ह्यांना काय सांगायचं, साडेबारा तासांच्या शिफ्टमध्ये बसणारी गोष्ट आहे का ती!

तर इंटरव्ह्यूला शिफ्टचं विचारलं तर "रोटेशन चालेल" म्हण. पोरगी लहान आहे म्हणून ठरावीक दिवस मागायचे असतील तर फ्लेक्सिबल वर्किंगचा अर्ज पहिल्या दिवसापासून करता येतो, ते नंतर लेखी माग, तोंडी नको. सहा-आठ महिने दोन्ही कर, डेच्या दोन-तीन जणींशी ओळख होऊ दे, मग नाईट घेतलीस तरी सकाळी साडेसातला समोर ओळखीचं तोंड असेल.

आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारच्या आदल्या दिवशीची, शनिवारची नाईट कुणी गोड बोलून तुझ्या गळ्यात घातली तर आधी कॅलेंडर बघ. त्या रात्री दोन वाजता घड्याळ परत एकवर येतंय, एक ते दोन दोनदा जगावं लागतंय, नाईट साडेतेरा तासांची. माझ्या पहिल्या वर्षी मला माहीतच नव्हतं, एका पेशंटचा बीपी दीडला घेतला आणि तासाभरानं परत दीडलाच घेतला, चार्टवर काय लिहावं कळेना, शेवटी फिलिपिनो सिस्टरनी शेजारी "दुसरा दीड" असं लिहायला लावलं. सकाळी डेवाल्या आल्या, एक तास जास्त झोपून, ताज्यातवान्या, आणि त्यातल्या एकीनं विचारलं फ्लुइड चार्टची बेरीज का चुकलीय.